पन्नास लाख कुणाला मिळाले, त्याचा पत्ता द्या

रविवारी सकाळी आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘जागे व्हा नागपूरकर’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. आदिवासींना धंद्यासाठी सरकार पन्नास लाख फुकट देते. त्यांना इन्कम टॅक्स नाही. जंगल सरकारचं, आणि हे लोक बांबू-मोह फुकटात तोडून विकतात. सरकारी टेंडरं त्यांनाच मिळतात. आणि ‘गावाच्या फायद्यासाठी’ म्हणून काढलेले धंदे दारूत बुडतात.

मी सोडून दिलं असतं. मामा रोज असे चार मेसेज टाकतात, त्यातला एक कारल्याच्या रसाचा असतो. पण सोमवारी तोच मेसेज आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये बांबूच्या चाळीस आकाशकंदिलांची ऑर्डर रद्द झाली. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या एका गावातल्या गोंड बायांच्या गटाला ती ऑर्डर मीच मध्ये पडून मिळवून दिली होती. एक कंदील 180 रुपये. सेक्रेटरी म्हणाले, “सरकार त्यांना देतंच आहे, आपण वरून कशाला?” इतवारीत प्लास्टिकचा सव्वाशेला मिळतो, हेही कुणीतरी लगेच सांगून टाकलं.

गटाच्या ताईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “भाऊ, पन्नास लाख कोनाले भेटले, त्याचा पत्ता तं द्या. आमीबी जाऊन येतो.”

रिटर्न भरून देणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून आधी टॅक्सचं बोलतो. 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 10(26) मेसेज लिहिणाऱ्याने कुठून तरी ऐकलेलं दिसतं, वाचलेलं नाही. ती सूट अनुसूचित जमातीच्या माणसाला आहे, पण तो नागालँड, मिझोराम, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, लडाख किंवा राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या, म्हणजे ईशान्येकडच्याच काही आदिवासी भागात राहत असेल आणि कमाईही तिथलीच असेल, तर. महाराष्ट्र त्यात कुठेही नाही. माझ्याकडे गोंड समाजातले तिघं व्यावसायिक येतात आणि दर जुलैत माझ्यासमोर बसून, तुमच्या-आमच्यासारखेच कुरकुरत टॅक्स भरतात.

फुकटचे पन्नास लाख ही बहुधा 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया या केंद्राच्या योजनेचा विपर्यास असावा. त्यात 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्ज होतं. कर्ज, मामा. व्याजासकट परत करायचं. आणि ते अनुसूचित जाती-जमातींसोबत कुठल्याही जातीच्या बाईलाही मिळू शकत होतं, म्हणजे लोणच्याच्या धंद्याचं म्हणणाऱ्या आपल्या मामीलाही. टेंडरांचं तर दोन ओळींत आटपतं. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती आणि जमाती, दोघांच्या लहान उद्योगांना मिळून हिस्सा आहे 4 टक्के. बाकी 96 मध्ये आपण सगळे आहोत.

खरा राग तिसऱ्या मुद्द्याचा आला. “जंगल सरकारचं, माल फुकटचा.”

बांबू हे गवत आहे, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण 1927 च्या वन कायद्यात ते झाड म्हणून नोंदलेलं होतं आणि सरकारी जंगलातलं झाड म्हटलं की मालकी वनखात्याची. गडचिरोलीत वर्षानुवर्षं बांबू कागद कारखान्याला जायचा आणि त्याच जंगलाच्या काठी राहणाऱ्या माणसाने टोपलीसाठी दोन कामट्या आणल्या तर तो चोर. 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याने बांबू, तेंदू, मोह यांना गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हटलं आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा मालकी हक्क कलम 3(1)(ग) मध्ये लिहून दिला. मालकी हा शब्दच कायद्यात आहे. तरी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावरही बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपलाच माल विकायला लागणारं पावती पुस्तक मिळवण्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, आणि मेसेज म्हणतो फुकट!

जंगल तोडून खातात म्हणता, तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात आणि पान शेवटी बिडीलाच जातं, म्हणून त्या ग्रामसभेने हातचं तेंदूचं उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भागवलं. आपल्या स्कीमने पार्किंगसाठी कडुनिंब तोडला तेव्हा मीटिंगमध्ये कोण काय बोललं होतं, ते मला आठवतं.

आता दारू. मोहाचं फूल म्हटलं की आपल्याला एवढंच सुचतं. सरकारलाही तेच सुचायचं; दारूबंदी कायद्यामुळे झाडाखाली पडलेलं फूल ठेवायला आणि न्यायला परवाना लागायचा. ती बंधनं राज्याने 2021 मध्ये काढली. आमच्या गटातल्या बाया मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मोह वेचतात, वाळवतात आणि त्याचे लाडू करतात. नफा कुठे जातो ते त्यांच्या वहीत आहे, वही मी पाहतो. मागच्या वर्षी त्यांनी पिठाची चक्की घेतली. आधी दळणासाठी सहा किलोमीटर जावं लागायचं. आता अख्खं गाव तिथे दळतं, आणि गटात नसलेल्यांनाही दर तोच.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, नाइलाजाने. योजनांमध्ये घोळ आहेच. नाव आदिवासीचं आणि धंदा भलत्याचाच, अशी कागदपत्रं माझ्याही टेबलावर आली आहेत, मी परत पाठवली. शेड बांधून कुलूप लावलेलं, यंत्रावर कोंबड्या बसलेल्या, हेही पाहिलंय. पण त्यात पैसा खाल्ला कोणी? ज्याच्या नावावर शेड आहे, त्याला बहुतेक वेळा किल्लीही मिळालेली नसते. आणि मदत लागते ती का, हेही ऐका. वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीवरचा हक्क, वारसाला देता येतो, विकता येत नाही, तो दुसऱ्याच्या नावे होत नाही. कायद्याचं कलम 4(4). जमीन वाचावी म्हणून ते योग्यच आहे. पण बँकेत गेलं की साहेब पहिलं विचारतो, तारण काय?

परवा देवलापारला जाऊन आलो. फोन जाईपर्यंत सव्वीस कंदील झाले होते. एक ताई ओट्यावर बसून सत्ताविसाव्याच्या कामट्या सोलत होत्या. बोटं कापू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. ऑर्डर रद्द झाली हे माहीत होतं, तरी म्हणाल्या, “चिरलेला बांबू वाळून जाते न भाऊ.”

सव्वीसच्या सव्वीस घेऊन आलो. मामांना फोन केला तर म्हणाले, “अरे, मला आलं तसं मी पुढे पाठवलं.” दोन कंदील त्यांच्याकडे पोचवले आणि पैसे घेतले. दहा शेजाऱ्यांनी नेले, त्यात सेक्रेटरींच्या सूनबाई आहेत. चौदा माझ्या ऑफिसात आहेत. 180 रुपये, पक्कं बिल मिळेल.