शेजारपाजाऱ्यांनी काय होणार? एका फिरत्या दाव्याला उत्तर

‘हवामान बदलाला तोंड द्यायला पैसा आणि तंत्रज्ञान लागतं, शेजार, स्वयंसेवक, गावसभा ही नुसती भावनिक बडबड’, असा संदेश सध्या जोरात फिरतोय. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘इशारा वेळेवर मिळाला की माणसं वाचतात.’
१९७० चं भोला चक्रीवादळ उपग्रहांना दिसलं होतं. तरीही आजच्या बांगलादेशात किमान ३ लाख माणसं गेली. इशारा ऐकला तरी घर सुटत नाही. गुरं कुणाच्या भरवशावर सोडायची? मागे चोरी झाली तर? मागच्या खेपेला तर काहीच आलं नव्हतं! या शंकांना रेडिओकडे उत्तर नसतं, ओळखीच्या माणसाकडे असतं. त्यानंतर तिथे रेड क्रॉस आणि सरकारने मिळून स्वयंसेवकांची फळी उभी केली. आज ते सुमारे ७६ हजार आहेत, त्या त्या वस्तीतलेच. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवतात, भोंगा घेऊन दारोदार फिरतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून निवाऱ्यात नेतात. गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधलेत. २००७ च्या ‘सिद्र’ चक्रीवादळात सुमारे साडेतीन हजार मृत्यू झाले. मृत्यू इतके घटण्यात पक्के निवारे आणि सुधारलेले अंदाज यांचाही वाटा आहेच. पण रिकामा निवारा कुणाला वाचवत नाही.

‘जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही, ते लुटलं जाणारच.’
स्पेनमधल्या वॅलेन्सियात कालव्यांवरचे शेतकरी आपले पंच स्वतः निवडतात. दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याची भांडणं तोंडीच ऐकली जातात आणि निकालही तिथेच लागतो. शतकानुशतकं दुष्काळातलं पाणीवाटप या व्यवस्थेने निभावलंय. अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘उष्णतेवर एसी हाच उपाय.’
एसीने जीव वाचतात, यात वाद नाही. पण शिकागोत १९९५ च्या उष्णलाटेने ७०० हून जास्त बळी घेतले, तेव्हा एंगलवूड आणि ऑबर्न ग्रेशम या शेजारशेजारच्या, सारख्याच गरीब वस्त्यांत मृत्यूचं प्रमाण दर लाखामागे ३३ आणि ३ असं होतं. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांना दुसरीत दुकानं चालू, फुटपाथवर वर्दळ आणि एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करणारी माणसं आढळली.

‘लोकांवर ढकललं की सरकार मोकळं.’
ही भीती मात्र खरी आहे. बंधारा, निवारा, पीकविमा शेजारी देऊ शकत नाहीत. त्यासाठी सरकारला धारेवर धरायलाच हवं, आणि तेही संघटित लोकांनाच जमतं. शिवाय प्रत्येक समाज सगळ्यांना सामावून घेतोच असं नाही. बांगलादेशात १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त दगावल्या. परक्या पुरुषांच्या गर्दीत जाण्याचा संकोच, घरच्यांच्या परवानगीची वाट पाहणं ही त्यामागची कारणं होती. आता तिथल्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत.