माकडतापाचं पत्रक कसं काढावं

उद्या सिंधुदुर्गात माकडतापाची जनजागृती करायची वेळ तुमच्यावर आली, तर पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' तोवर खळ्यात निवांत पान जमवत बसलेला माणूसही हे ऐकून उठून उभा राहतो. म्हणजे पत्रक पोहोचलं.

पुढे 'विषाणूजन्य आजाराचा प्रादुर्भाव रोखण्याकामी सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी' एवढं पुरे. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो, तरी 'गोचीड' शब्द टाळा. गोचीड म्हटलं की लोक आपल्या पिंढऱ्या तपासतात, आणि मग प्रश्न विचारतात. १९५७ साली हा रोग शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, हे मात्र सविस्तर लिहा. काजी पुंजायला, म्हणजे काजू वेचायला, निघालेल्या बाईला त्याचा फार उपयोग होतो. २०१६ ची दोडामार्गातली साथ काढू नका. लोकांना ती आठवते, पण आपण काढली की ती अधिकृत होते.

ताप डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन काजूच्या हंगामातला. तेव्हा मंजुरी, निविदा, छपाई असं करत फलक मिरगाच्या तोंडावर लागेल असं बघा. आमच्याकडचा घरपट्टीच्या यादीवर अर्धा चिकटवला होता. पहिल्याच सरीत शाई ओघळली, 'रोखण्याकामी' तेवढं शिल्लक राहिलं.

गोचीड दूर ठेवणाऱ्या डीएमपी तेलाच्या बाटल्या जरूर वाटा, कशाला ते सांगू नका. शेजारच्या आजीने ती खोबरेलाशेजारी ठेवली आणि रोज रात्री गुडघ्याला चोळली. गुडघा हलका झाला म्हणते, तेव्हा मोहीम अगदीच वाया गेली असं नाही.

बागेत माकड मेलेलं सापडलं तर म्हणा, नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलाय, अहवाल आल्यावर बोलू. गोचिडी अहवालाला थांबत नाहीत, मेलेल्या अंगावरून उतरून पाचोळ्यात पसरतात; ती त्यांची बेशिस्त.

ग्रामसभेत एखादी उठेलच: "साहेबांनू, बागेत जावचा की नाय, तेवढा सांगा." तुम्ही पाण्याची बाटली उघडा. धोका आहे तो तुमच्या आशाताईंचा. त्या मागून मालवणीत सांगून मोकळ्या होतील: जा, पण हातापायांना तेल लावून, अंगभर कपडे घालून, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, मेल्या माकडाला हात न लावता कळवा, ताप आला तर अंगावर न काढता दवाखान्यात या, आणि कुठल्या बागेत गोचीड किती, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही, शोधतोय.

सभा शांतपणे उठून घरी जाईल. आशाताईंना दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर भरायला बसवा.