फाइल पाडणारे काका

"तुमची मुलं एकमेकांशी नीट वागतात का?" लेकीसाठी नवी शाळा शोधताना विचारायचा हा प्रश्न मी घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिला होता. तिथे तो साधा वाटला. मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर बसून विचारला, तेव्हा "तुमच्या घरात ढेकूण आहेत का?" असं विचारल्यासारखं झालं.

"आमच्याकडे असले प्रकार होतच नाहीत," त्या म्हणाल्या आणि आम्हाला पोहण्याचा तलाव दाखवायला घेऊन गेल्या.

तलाव छान होता. पण आमची लेक आधीच्या शाळेत वर्षभर मधल्या सुट्टीत एकटी बसलेली. तिला पोहायला नाही, बोलायला कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या शाळेच्या भिंतीवर दया, सहकार्य आणि करुणा हातभर अक्षरांत रंगवलेल्या. करुणेच्या बरोबर खाली दोन मुलं तिसऱ्याच्या दप्तराची झेलाझेली करत होती आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक. त्या प्रेक्षकांकडेच माझं लक्ष, कारण हल्ली मी नको इतकं वाचतो. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना साल्मिवल्ली यांनी १९९६ साली दाखवून दिलं, की शाळेतल्या छळाच्या प्रसंगात फक्त छळणारा आणि सोसणारा असे दोघेच नसतात. सामील होणारे असतात, हसून जोर देणारे असतात, गप्प राहणारे असतात, आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारेही. कॅनडात तर संशोधकांनी शाळेच्या मैदानावरच्या अशा प्रसंगांचं चित्रीकरण तपासलं होतं. २००१ साली त्याचा निष्कर्ष आला: दहातल्या जवळजवळ नऊ वेळा इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती जेमतेम पाचातून एकदा. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांत थांबला.

या १० सेकंदांनी माझं डोकं फिरवलं. मी स्वतःची चाचणी काढली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात हातातली फाइल पाडायची आणि मनात आकडे मोजायचे.

"तू शाळा बघतोयस की सापळा लावतोयस?" बायको म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. संशोधकांना घरून पाठिंबा नसतोच.

पहिल्या प्रयोगात बाराव्या सेकंदाला शिपाईमामा धावले. वय जास्त, म्हणून बाद. दुसऱ्यात चार मुलं जमली. एकाने अर्ज उचलला आणि 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न' मोठ्याने वाचून दाखवलं. सगळी मुलं मनापासून हसली. मला वाटतं, ते हसणं जरा जास्तच लांबलं.

तिसऱ्या शाळेत फाइल खरोखरच हातातून सटकली. तिसऱ्या सेकंदाला एका मुलाने उडणाऱ्या कागदावर बूट ठेवला, दुसऱ्याने बाकीचे गोळा केले. मी गहिवरलो. कागद हातात देताना तो म्हणाला, "काका, ते फाइल पाडणारे तुम्हीच ना? माझी ताई त्या दुसऱ्या शाळेत आहे."

तोंड लपवायला मी जवळच्या वर्गात शिरलो. आमची लेक आधीच तिथे होती आणि एका मुलीची उलटतपासणी घेत होती.

"तुझी मैत्रीण आली नाही, तर तू कुठे बसतेस?"

"कुठेपण. सगळे सरकतात."

"कोण सांगतं सरकायला?"

त्या मुलीला प्रश्नच कळला नाही. बाकावरची दोघं तेवढ्यात सरकली होती आणि आमची लेक बसलीही होती. एवढ्या महिन्यांत माझ्या एकाही प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मिळालं नव्हतं.

अर्जात 'शाळा निवडण्याचे कारण' अशी दीड ओळीची जागा होती. मी लिहिलं, 'बाकावर सरकतात.'

खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाक कमी पडतात अशी तक्रार असेल, तर तिचा अर्ज वेगळा असतो."