ते पिल्लू समुद्रात सोडायचं नसतं!

आमच्या ताईने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: ब्रिटनचा किनारा, सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू, डोळ्यांतून धारा. खाली मजकूर: ‘आईने टाकलेलं बाळ पाण्याविना तडफडतंय, रडतंय. असं पिल्लू दिसलं तर अंगावर पाणी ओता, उचलून समुद्रात सोडा. पुण्य लागेल.’ भाची तिकडेच शिकते, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर जायची आहे. तिने विचारलं, “मामा, जास्तीच्या बाटल्या घेऊ का?” म्हणून हा खटाटोप.

सील म्हणजे मासा नव्हे, बाई! फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे तो. व्हिडिओतला ग्रे सील तर जन्मतोच जमिनीवर. ती पांढरी लव कोरडी असेल तोवरच ऊब देते. भिजली की संपलं. जन्मतः जेमतेम चौदा किलोचं ते पोर, अंगावर चरबीचा थर नाही. त्याला तुम्ही लाटांत सोडणार? गारठेल, बुडेल, नाहीतर वाहून जाईल. आई त्याला वासावरून आणि आवाजावरून ओळखते. ती परत येईल तेव्हा जागेवर पिल्लूच नसेल. आणि तुम्ही तिथे गराडा घालून उभे असाल तर ती येणारच नाही. म्हणजे नसलेलं अनाथपण तुम्हीच त्याच्या पदरात घालणार.

‘ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू’ ही तिथली बचावसंस्था हेच सांगते: लांब राहा, कुत्री आवरा, पिल्लू पाण्यात ढकलू नका, आम्हाला फोन करा. मला तरी एवढा आधार पुरे.

आई सोडून जाते, हे मात्र खरं; नाइलाजाने मान्य करतो. पण कधी? जवळपास साठ टक्के स्निग्धांशाचं दूध अडीच-तीन आठवडे पाजून, पिल्लाचं वजन तिप्पट करून. मग ते पांढरी लव टाकतं आणि साठवलेल्या चरबीवर काही आठवडे उपाशीच किनाऱ्यावर लोळतं. त्यांची रीतच ती. वादळात खरोखर ताटातूट झालेली किंवा जखमी पिल्लंही असतात, पण ते ठरवायला जाणकार हवा. तो फोन त्यासाठीच.

अश्रूंचं म्हणाल, तर आपल्यासारखी डोळ्यांतलं पाणी नाकात उतरवणारी नळी सीलला नसते, म्हणून ते गालावर ओघळतं. पोट भरलेला सीलही तसाच ‘रडतो’.

आणि कुशीत घेण्याआधी त्याचे दात बघा. त्या चाव्यातून होणाऱ्या बोटाच्या संसर्गाला ‘सील फिंगर’ असं नावच पडलंय.

भाचीला कळवलंय: बाटल्या नकोत, दुर्बीण ने.