एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमच्या मानसिक आरोग्य केंद्राचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला त्रास झाला, मन दुखावलं, त्याबद्दल क्षमस्व. परक्या मुलखात गेल्या गेल्या बोलायचं माणूस हातचं सुटलं की काय होतं, ते मला कळतं.

आधी एक सांगते. तुम्ही आमच्याकडे येत होतात की नाही, याला मी इथे हो किंवा नाही काहीच म्हणू शकत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गुप्तता राखणं बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी कुडाळसारख्या ठिकाणी मी ती राखलीच असती. म्हणून तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलंय, तेवढ्यालाच उत्तर देते. तुमचे शब्द असे आहेत: ‘न्यू जर्सीला आल्याबरोबर यांनी सेशन बंद केली. गोव्याची माणसं चालतात, अमेरिकेतली चालत नाहीत. इथे तर एका राज्यातले मानसतज्ज्ञ दुसऱ्या राज्यातल्या पेशंटला व्हिडिओवर बघतात. माहेरचा वेंगुर्ल्याचा पत्ता टाका म्हटलं, तरी नाही. सरळ सांगायचं ना, डॉलरमध्ये फी हवी होती.’

बाकीचं सोसलं असतं. डॉलरचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं.

आमची फी दाराशीच लिहून लावलेली आहे. पाऊण तासाचे 800 रुपये. समोर बसून बोला, फोनवर बोला, मुंबईतून एखादा चाकरमानी बोलो नाहीतर गोव्यातल्या पेडण्याहून कोणी, आकडा तोच. कॉलेजच्या मुलांना निम्मे. कुणाकुणाकडून तेवढेही घेत नाही, पण ते इथे सांगायचं कारण नाही. डॉलर आमच्या हिशेबात आजवर आलेला नाही. आणि जरा शांतपणे बघा, पैशासाठीच बसले असते तर परदेशातून विचारणाऱ्यांना ‘नाही’ कशाला म्हटलं असतं? तुम्ही लिहिलंय तसा वेंगुर्ल्याचा पत्ता टाकायचा आणि दर आठवड्याचे पैसे घेत राहायचं, एवढं सोपं होतं. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे पैसे बुडतात हो, वाढत नाहीत. भाडं आहे, लाईट बिल आहे, पावसाळ्यात निम्मी माणसं येत नाहीत. तरी नाही म्हणते, आणि सगळ्यांनाच म्हणते.

आता गोवा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आमच्या पेशाची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत माझं नाव आहे. परिषदेच्या 1992 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नोंद असलेल्या माणसाला भारतात कुठेही काम करता येतं. बांद्याच्या पुढे गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली म्हणून माझी नोंद पुसली जात नाही. (2017 च्या कायद्याने राज्याच्या प्राधिकरणाकडेही नोंदी ठेवायच्या आहेत, ते वेगळं रामायण.) चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून समुपदेशकाची पाटी लावणाऱ्यांना हे प्रश्न पडत नाहीत. ते तुम्हाला अमेरिकेतच काय, चंद्रावरही सेशन देतील.

अमेरिकेत मानसतज्ज्ञाचं लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. आणि बोलणारा तज्ज्ञ कुठे आहे एवढंच बघत नाहीत, ज्याच्यावर उपचार चाललेत तो त्या वेळी कुठे बसलाय ते धरतात. तुम्ही म्हणता ती व्हिडिओची सोय खरी आहे. तिला सायपॅक्ट म्हणतात, राज्यांनी आपसात केलेला करार. सात राज्यांनी कायदा केल्यावर 2019 मध्ये तो अमलात आला, 2020 पासून अर्ज घेऊ लागले, आता चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. पण त्यासाठी डॉक्टरेट लागते, करारातल्याच एका राज्याचं पूर्ण लायसन्स लागतं, आणि त्यावर ऑनलाइन कामाची वेगळी परवानगी. माझं एम.फिल. आहे, परिषदेच्या मान्यतेचं, दोन वर्षं वॉर्डात घासून केलेलं. इथे ते पूर्ण चालतं. तिथे त्यावर अर्जसुद्धा करता येत नाही.

त्या लोकांनाही मोकळं रान नाही. न्यू जर्सीने 2021 मध्ये या करारात यायचा कायदा केला, नदीपलीकडचं न्यूयॉर्क अजून बाहेर आहे. म्हणजे टेक्ससमधला मानसतज्ज्ञ जर्सीत घरी बसलेल्या बाईशी बोलू शकतो, पण तीच बाई दुपारच्या सुट्टीत मॅनहॅटनच्या ऑफिसातून बोलायला लागली, तर हा करार कामाचा नाही. मलाही हे विचित्र वाटतं. पण तिथल्या तज्ज्ञांनाच जिथे नदी आडवी येते, तिथे मी कुडाळच्या बाजारपेठेत बसून काय करणार?

आणि तो वेंगुर्ल्याचा पत्ता. तुम्हाला तो साधा कागदी प्रश्न वाटला असेल. माझ्यासमोर बोलता बोलता कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला, तर इथे मला घरची माणसं माहीत असतात, ओरोसचं जिल्हा रुग्णालय माहीत असतं. जर्सीत मी रात्री कुणाला उठवणार? माहेरच्या पत्त्यावर माणूस धाडून काय उपयोग? मग ‘मॅडमना माहीत होतं, तरी’ असंही लोक म्हणतील, आणि ते बरोबर असेल.

मराठीतून मन मोकळं करायला तिथे कोण मिळणार, हे दुःख मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक सुचवते. शोध फक्त न्यू जर्सीपुरता ठेवू नका. सायपॅक्टमधल्या कुठल्याही राज्यात मराठी बोलणारा मानसतज्ज्ञ असेल आणि त्याच्याकडे ती परवानगी असेल, तर तो तुम्हाला घरबसल्या बघू शकतो. बोलणं सुरू करण्याआधी परवानगी आहे ना, ते विचारा. मध्येच फार घाबरायला झालं, तर तिकडे 988 या मदतवाहिनीवर फोन किंवा मेसेज करा. इथल्या वाचकांसाठी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर 14416.

आमच्या जिन्यावर चढताना लोक आजही मागे वळून बघतात, कुणी ओळखीचं तर नाही ना म्हणून. कितीतरी बायका घरी न सांगता येतात, आणि ज्या सांगून येतात त्यांचे नवरे आधी फोनवर तारे मोजतात. ‘पैसेवाली बाई’ एवढं वाचलं की विषय संपला. म्हणून हे इतकं लांबलं.

परदेशी जाणाऱ्यांना या गोष्टी आधीच नीट कळाव्यात, यासाठी फॉर्ममध्ये काहीतरी वाढवतोय, लवकरच होईल. तारा एकच ठेवलात तरी माझी तक्रार नाही, फक्त ते डॉलरचं वाक्य काढता आलं तर बघा. आणि आमच्याकडे येऊन गेलेल्या कुणालाही पुढच्या तज्ज्ञासाठी उपचाराचा गोषवारा हवा असेल, तर तो आम्ही पैसे न घेता लिहून देतो. केंद्राच्या ईमेलवर स्वतःच्या सहीचा अर्ज पाठवायचा, नातेवाइकांचा चालत नाही. गणपतीत आठवडाभर केंद्र बंद असतं, तेवढं धरून चाला.