नुसती दर्शनी भिंत

आज ऑफिसला जाताना पुन्हा तेच. जुन्या विटांच्या इमारतीची रस्त्याकडची भिंत तेवढी लोखंडी टेकूंवर उभी, मागे भलामोठा खड्डा, आणि पत्र्यावर जाहिरात: 'इतिहासात राहायला या!' डोकंच फिरलं. मागे पन्नास मजले येणार. इतिहास कितव्या मजल्यावर ठेवलाय म्हणे?

टोरांटोत याला वारसा जतन म्हणतात. पोटातलं सगळं काढायचं, कातडं ठेवायचं. पेंढा भरलेला वाघ दाखवून 'आम्ही जंगल वाचवलं' म्हणण्यातला प्रकार.

डोंबिवलीची मावशी आली होती तेव्हा तिला ब्रुकफील्ड प्लेस या ऑफिसांच्या टॉवरमध्ये नेलं होतं. वास्तुविशारद कालात्रावाच्या त्या उंच पांढऱ्या कमानींखाली एका दगडी बँकेचा चेहरा उभा आहे. विल्यम थॉमस या वास्तुविशारदाने 1845 मध्ये बांधलेली बँक, दगड सुटे करून इथे आत पुन्हा रचली. मावशीने दगडावरून हात फिरवला आणि विचारलं, "आत कुठून जायचं गं?"
"आत बँक नाहीये मावशी. नुसती पुढची बाजू आणून लावलीय."
"मग काय पूजेला ठेवलीय?"

मावशीची अख्खी नोकरी मध्य रेल्वेत, व्हीटीच्या इमारतीत. स्टीव्हन्सची 1888 ची ती जगप्रसिद्ध वास्तू तिच्या लेखी ऑफिस आहे. फाइली, पंखे, डबा खायची ठरलेली खिडकी. इमारत म्हटली की आत जायचं, काम करायचं, हेच तिला ठाऊक.

मान्य, ती बँक पुरती जमीनदोस्त करण्यापेक्षा हे बरं. कमानींची ती गॅलरीही देखणी आहे. पण म्हणून टाळ्या वाजवायच्या?

हा थॉमस मला आवडतो, खरं सांगते. इंग्लंडमध्ये दिवाळं निघालं, 1843 मध्ये इकडे आला. कॅनडा तेव्हा देशही नव्हता, वसाहत होती. सेंट मायकल्स कॅथेड्रल त्याचं. 1849 च्या आगीत बाजार जळाला, त्या जागी 1850 मध्ये सेंट लॉरेन्स हॉल उभा केला तोही यानेच. दुसऱ्याच वर्षी त्या हॉलमध्ये गुलामगिरीविरुद्ध कृष्णवर्णीयांची मोठी परिषद भरली. 1960 च्या दशकात दुरुस्ती चालू असताना एक बाजू चक्क कोसळली. ती पुन्हा बांधली, वर्षभरात हॉल उभा केला! आज वर समारंभ होतात. इथे मावशीने प्रश्नच विचारला नाही, सरळ जिना चढून गेली.

म्हणजे जमतं. मनात असलं की जमतं. बिल्डरच्या मनात नसतं आणि नगरपालिका मान डोलावते, एवढंच.

शहराला घरं हवीत, हो, माझंही भाडं दरवर्षी वाढतंच. आणि 'साहेबाच्या दगडांचा एवढा पुळका का?' असं कुणीतरी लिहिणारच. जमीन इथल्या मूळ रहिवासी मिसिसागांची होती, तेही खरं. पण मग पाडा तरी सरळ, नाहीतर नीट ठेवा. अर्धवट मुखवटे कशाला?

थॉमसचं शेवटचं मोठं काम म्हणजे डॉन जेल. ते पुरं व्हायच्या आधीच, 1860 मध्ये तो गेला. दारावर दाढीवाल्या काळपुरुषाचा चेहरा कोरलाय. कॅनडातली शेवटची फाशी तिथेच झाली, डिसेंबर 1962 मध्ये, एका रात्री दोघांना. ती जागा पाडून टाका म्हणणाऱ्यांचं मला कळतं. तरी ठेवली. आज तिथे हॉस्पिटलची ऑफिसं आहेत, माणसं रोज त्या काळपुरुषाखालून कामाला जातात. मावशीला तिथे न्यायचं राहूनच गेलं. तिथे तिने डबा कुठे खातात ते आधी विचारलं असतं.

असो. राग थोडा उतरला. मेच्या शेवटी डोअर्स ओपन असतं, कितीतरी इमारती फुकट आतून बघता येतात. मी जाणार आहे. टोरांटोवाल्यांनो, येणार असाल तर खाली लिहा. नंतर सेंट लॉरेन्स मार्केटमध्ये पीमील बेकनचं सँडविच माझ्याकडून. शाकाहाऱ्यांनी आपापलं बघावं.