आंधळी कोंबडी, लाकडी डाव आणि ‘सपाट’ रंग

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘ला गायीना थिएगा’ (शब्दशः ‘आंधळी कोंबडी’) या चित्रावरच्या लेखाबद्दल तुमच्या दोन हरकती आहेत. एक, त्यातल्या खेळाला आंधळी कोशिंबीर म्हणणं चूक. दोन, चित्र सपाट आहे, माणसं पुठ्ठ्याची कापून लावल्यासारखी दिसतात.

पहिली मान्य. आपल्याकडे राज्य असलेला चाचपडतो आणि बाकीचे पळतात. इथे बाकीच्यांनी हात धरून रिंगण केलंय. पळायचं नाही, फार तर वाकायचं नाहीतर अंग मागे टाकायचं. मधला डोळे बांधलेला तरुण लाकडी डावाने (मोठ्या पळीने) कुणाला तरी टिपू बघतोय. म्हणून खेळाला ‘कुचारोन’, म्हणजे डाव, असंही नाव आहे. (राज्य त्याच्यावर आणि डावही त्याच्याच हातात!) कुणी माद्रिदच्या माजो-माजांच्या (सामान्य वस्तीतल्या नटव्या तरुण-तरुणींच्या) वेशात, कुणी फ्रेंच फॅशनमध्ये, एरवी चारचौघांत न धरता येणारे हात या निमित्ताने धरले जातात.

दुसरी मात्र अर्धीच पटते. हे नुसतं चित्र नव्हे, टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र) विणणाऱ्यासाठी काढलेला पूर्ण मापाचा नमुना आहे: 269 × 350 सेंमी, साल 1788, माद्रिदजवळच्या एल पार्दो राजवाड्यातल्या राजकन्यांच्या शयनगृहासाठी. विणकर रंग कालवू शकत नाही. प्रत्येक छटेला वेगळा रंगवलेला धागा लागतो, पैठणीच्या तिल्ल्यांसारखाच (तिल्ली म्हणजे रंगीत धाग्याची छोटी कांडी). छटा वाढल्या की काम रेंगाळतं आणि कडा गढूळ होतात. 1778 मध्ये ‘आंधळा गिटारवाला’ हा त्याचा नमुना विणायला अवघड म्हणून टॅपेस्ट्रीच्या कारखान्याने गोयाकडे परत धाडला होता, त्याला तो बदलून द्यावा लागला. स्पष्ट कडा आणि मोकळं आकाश हवं ते यासाठी.

पण सगळं खापर मागावर फोडता येणार नाही. गोयाचा ‘एल कितासोल’ (म्हणजे छत्री, 1777) हाही नमुनाच, तरी हिरव्या छत्रीतून गाळून आलेली सावली त्या मुलीच्या चेहऱ्यावर कशी उतरलीय बघा. त्यापुढे रिंगणातले चेहरे मुखवट्यासारखे वाटतात, हे तुमचं म्हणणं खरं.

स्पेनचा राजा तिसरा कार्लोस 14 डिसेंबर 1788 रोजी वारला आणि त्या शयनगृहासाठीची ही नमुन्यांची मालिका थांबली. त्यातला पूर्ण मापाचा हा एकच नमुना तयार झाला, बाकीची कच्ची चित्रंच राहिली. याचंही छोटं कच्चं चित्र (41 × 44 सेंमी) माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. दोन्ही शेजारी उघडून बघा. मला छोटं जास्त जिवंत वाटतं.